खंबाटकीनंतरचा थांबा

गळ्यातली तुळशीची माळ काढायला काकांनी नकार दिला, तेव्हा एमआरआयच्या खोलीबाहेर उभा असलेला तरुण तंत्रज्ञ जरा घुटमळला. अंगठी निघाली होती, करदोटा निघाला होता, खिशातली चिल्लर काकूच्या पिशवीत गेली होती. राहिली होती ती माळ. त्याने वाकून ती दोन बोटांत धरली, निरखून पाहिली.

‘‘तारेत ओवलीय की दोऱ्यात?’’

‘‘दोऱ्यात. पंढरपूरची हाय.’’

‘‘मग राहू द्या, आजोबा.’’

पाऊण तासाने काका बाहेर आले. कसं वाटलं, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘‘जुनी लेलँड फर्स्ट गिअरला खंबाटकी चढतीय, असा आवाज.’’

काका एसटीत कंडक्टर होते. सातारा–स्वारगेट ही त्यांची गाडी. एका खांद्याला पैशांची चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. सीटच्या दांड्यावर पंच टकटकवत ते मागून पुढे यायचे. ड्युटी संपली की डेपोत बसून वेबिल जुळवायचं. रुपयाची चूक निघाली तर ती सापडेपर्यंत ते घरी यायचे नाहीत, असं काकू सांगते. आणि म्हणूनच तिला सगळ्यांच्या आधी कळलं. चार वर्षांपूर्वी काकांनी एकाच महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. पुढे भिशीची वही त्यांनी स्वतःहून मुलाकडे सरकवली, ‘‘तूच बघ आता’’ म्हणून. घरातल्या आम्हा सगळ्यांना तो मोठेपणा वाटला. काकू मात्र तेव्हाच म्हणाली होती, ‘‘ह्यांचा हिशेब चुकाय लागलाय. हे काय वयाचं न्हाय.’’

आम्ही ऐकलं नाही. गावातल्या एका डॉक्टरांनीही ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणून परत पाठवलं. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, विसरभोळेपणा असे तयार शब्द आपल्याकडे इतके आहेत, की त्यांच्या आड एखादा आजार वर्षानुवर्षं बिनबोभाट वाढत राहू शकतो. हा शब्दांचा पडदा किती जाड आहे, हे मला ‘अस्तु’ पाहताना पहिल्यांदा जाणवलं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक एका हत्तीच्या मागे निघून जातात. पडद्यावर मी ते ओळखलं. घरात नाही ओळखलं.

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी काकांना तीन शब्द सांगितले. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि पाच मिनिटांनी ते शब्द विचारले. काका त्यांच्याकडे नुसते पाहत राहिले. ‘‘त्यातलं एक फळ होतं,’’ त्यांनी धागा दिला. तरीही नाही. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, की धागा दिल्यावर आठवलं असतं तर मला कमी काळजी वाटली असती. वयोमानाने होणाऱ्या विसरण्यात गोष्ट आत असते, फक्त हाताला लागत नाही. कुणी टोकाला धरून दिली की सापडते. अल्झायमरच्या सुरुवातीला गोष्ट मुळात आत जाऊन बसलेलीच नसते. म्हणून त्यांना तो फोटो हवा होता.

फोटोत त्या शोधत होत्या हिप्पोकॅम्पस. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या कडेला, दोन्ही बाजूंना एकेक. करंगळीएवढा, वळलेला भाग. सोळाव्या शतकात अरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून हे नाव. नवी आठवण पक्की करण्याचं काम ह्याच्याकडे. अल्झायमरमध्ये झीज पहिल्यांदा ह्याच परिसरात दिसू लागते. बाईंनी पडद्यावर काकांच्या डोक्याचा उभा छेद लावला आणि पेनच्या टोकाने दाखवलं: करड्या रंगाची पट्टी बारीक झालेली, तिच्या भोवतीची काळी जागा रुंदावलेली. ते काळं म्हणजे पाणी. मेंदू जितका मागे हटतो, तितकं पाणी त्या जागेत शिरतं. तळ्याकाठची जमीन खचावी तसं. ह्या झिजेला शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत फिलिप शेल्टन्स या डच तज्ज्ञाने १९९२ साली घालून दिली. काकांना डावीकडे तीन मिळाले, उजवीकडे दोन. शाळेत कमी गुण मिळाले की वाईट वाटायचं. इथे उलटं होतं.

निरोगी म्हाताऱ्या माणसाचा हिप्पोकॅम्पससुद्धा वर्षाला दीडेक टक्का आक्रसतो. अल्झायमरमध्ये हा वेग साडेचार टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे एका फोटोपेक्षा वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने काढलेले दोन फोटो जास्त बोलतात. पण झीज दिसते ती पेशी गेल्यानंतर. घर पडल्यावर भिंतीचा फोटो काढण्यासारखं ते आहे. भिंतीत ओल कधी शिरली, हे त्यात दिसत नाही.

ही ओल पहिल्यांदा पाहिली आलोइस अल्झायमर यांनी, पण मेंदू हातात आल्यावर. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ती ‘श्रीमती’ एवढं लिहून पुढचं विसरायची. १९०६ साली ती गेली. तिच्या मेंदूच्या पातळ चकत्यांना चांदीच्या क्षारांनी रंगवून अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत गुंतागुंत झालेले धागे दिसले. बाहेरचं ते अमायलॉइड, आतलं ते टाऊ. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं हा आजार पक्का आहे की नाही हे सांगायला माणूस मरावा लागायचा. जिवंतपणी डॉक्टर अंदाज बांधत. निकाल चकतीवर लागत असे.

ती कोंडी फुटली पिट्सबर्गमध्ये, आणि कशाने, तर एका रंगाने. प्रयोगशाळेत मृत मेंदूतलं अमायलॉइड रंगवायला थायोफ्लाविन-टी नावाचं पिवळं रसायन वापरतात. विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी विचार केला, की हाच रंग जिवंत माणसाच्या शिरेतून मेंदूत पोचवता आला तर? अडचण अशी, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार कडक पहारा देते आणि थायोफ्लाविनवर विद्युतभार असल्याने ते आत जात नाही. ह्या दोघांनी वर्षानुवर्षं त्या रेणूत फेरफार केले, भार काढून टाकला, आणि त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला, म्हणजे तो कुठे जाऊन चिकटला हे बाहेरून पेट स्कॅनरला दिसेल. ह्या कार्बनचं अर्धं आयुष्य जेमतेम वीस मिनिटं. म्हणजे तो तयार करायचा, तपासायचा, शिरेत सोडायचा आणि फोटो काढायचा, ही सगळी धावपळ त्याच इमारतीत. फेब्रुवारी २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्यांदा एका रुग्णाला ते दिलं गेलं. २००४ साली निबंध छापून आला तेव्हा त्यात अल्झायमरचे १६ रुग्ण आणि तुलनेसाठी ९ निरोगी माणसं होती. रुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग लाल-पिवळा पेटलेला, निरोगी माणसांचा बहुतेक निळा. सूक्ष्मदर्शकाखालची ती जुनी चकती आता श्वास घेणाऱ्या, बोलणाऱ्या माणसात दिसत होती.

पुढे फ्लोरिन जोडलेले रेणू आले. फ्लोरिनचं अर्धं आयुष्य ११० मिनिटं, त्यामुळे एका गावात बनवून दुसऱ्या गावात नेता येतं. टाऊ दाखवणारे रेणूही आले. आणि ज्यांना काहीही होत नव्हतं अशा हजारो लोकांचे फोटो काढून, त्यांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बोलावून जे समोर आलं त्याने मला हादरवलं. विसरणं सुरू होण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून अमायलॉइड साचायला लागतं. काकांचं गणित मी मनाशी केलं. आज ते चौऱ्याहत्तरचे. म्हणजे पंच टकटकवत, रुपया-रुपयाचा हिशेब लावत ते सातारा–स्वारगेट करत होते, त्याच शेवटच्या वर्षांत कधीतरी हे आत सुरू झालं असावं.

‘असावं’ हा शब्द इथे मी जपून वापरते आहे, कारण काकांचा अमायलॉइडचा पेट स्कॅन झालेला नाही. आपल्याकडे पेट स्कॅन नवा नाही. २००२ साली देशातला पहिला स्कॅनर मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच बसला. पण आपल्याकडची बहुतेक यंत्रं कॅन्सरच्या कामात गुंतलेली असतात आणि त्यांच्यासाठी रोज बनतं ते किरणोत्सारी ग्लुकोज. मेंदूचा कुठला भाग साखर कमी खातोय हे त्यातूनही कळतं, आणि अल्झायमरमध्ये कानामागचा-वरचा भाग ठरावीक पद्धतीने उपाशी दिसतो. अमायलॉइडचा रेणू मात्र फार थोड्या ठिकाणी मिळतो.

आणि मिळाला तरी काय? ह्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडखळले. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे अशा लोकांतही अमायलॉइड सापडतं: पन्नाशीत दहा टक्क्यांच्या आसपास, नव्वदीत चव्वेचाळीस टक्के. ह्यांतल्या कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ नन्सचा अभ्यास केला. त्यांनी मृत्यूनंतर आपला मेंदू देण्याचं कबूल केलं होतं. त्यांतली एक १०१ वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत खणखणीत. मेंदू उघडला तर डागांनी भरलेला.

त्याहून विलक्षण गोष्ट कोलंबियाची. मेडेयीनच्या आसपासच्या डोंगराळ भागात काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चाळिशीतच माणसं विसरायला लागायची. गावातले लोक त्याला शाप म्हणायचे. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा १९८० च्या दशकापासून त्यांच्या घरोघरी गेले, वंशावळी मांडल्या, आणि एकाच जनुकातला एकच दोष सापडला. तो असलेल्या माणसाला सरासरी ४४ व्या वर्षी विसरायला होऊ लागतं. ह्या गोतावळ्यात एक बाई निघाली, दोष असलेली, पण सत्तरी गाठेपर्यंत ठीक. तिला विमानाने बोस्टनला नेऊन तपासलं, तेव्हा तिचा मेंदू अमायलॉइडने गच्च भरलेला होता. त्या नात्यागोत्यात तपासलेल्यांत सर्वांत जास्त. टाऊ मात्र अगदी कमी. तिच्याकडे एपीओई नावाच्या जनुकाचा एक अतिशय दुर्मीळ प्रकार दोन्हीकडून आलेला होता. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. एका खेडवळ बाईच्या डोक्याच्या दोन फोटोंनी जगाला सांगितलं, की अमायलॉइड आणि विसरणं यांच्यामध्ये एक दार आहे, आणि ते बंद राहू शकतं. लोपेरा २०२४ मध्ये गेले. त्यांच्या कामाचं मोल मला ह्यात वाटतं, की ते आधी त्या घरांच्या ओट्यावर बसले. यंत्र नंतर आलं.

ह्या सगळ्यामुळे तज्ज्ञांत सध्या मोठा वाद आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या गटाने निकष दिले, की खुणा सापडल्या म्हणजे आजार आहे, लक्षणं असोत वा नसोत. युरोपातल्या तज्ज्ञांचा भरणा असलेला दुसरा गट म्हणतो, लक्षणं नसलेल्या माणसाला रोगी म्हणू नका. त्याला धोका आहे एवढंच म्हणा. मी दुसऱ्या गटाच्या बाजूची आहे. पंचावन्न वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या, नातवंडांची वाट पाहणाऱ्या बाईच्या हातात ‘अल्झायमर’ लिहिलेला कागद द्यायचा, आणि ती कदाचित नव्वदीपर्यंत ठणठणीत राहील, हा अन्याय आहे. भीतीपोटी कुणी उठून स्कॅन करून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पण काकूसारखं कुणी ‘हे वयाचं न्हाय’ म्हणालं, तर एक दिवसही थांबू नये.

कारण ‘आजार नाही’ असं निघालं तरी फोटोचं काम असतं. डोक्याला मार लागून साचलेलं रक्त, मेंदूत तुंबलेलं पाणी, गाठ ही कारणं स्कॅनमध्येच दिसतात आणि त्यांतल्या कित्येकांवर उपाय आहे. थायरॉइड आणि बी-१२ रक्तातून कळतात. बी-१२ तर आपल्या घरातलाच प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांना तपासलं होतं. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी. काका माळकरी, जन्माचे शाकाहारी. त्यांचंही कमीच निघालं. इंजेक्शनं झाली, पायांच्या मुंग्या गेल्या. विसरणं राहिलं. स्कॅनमध्ये पांढरे ठिपकेही होते, वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या रक्तदाबाचे. बाई म्हणाल्या, आपल्याकडे हे असंच मिश्र असतं. नुसता अल्झायमर पुस्तकात.

पुस्तकं आणि साचे कुणाच्या डोक्यांवरून बनले, हा प्रश्न मला तेव्हा पडला. मेंदूचा फोटो वाचताना संगणक तो एका प्रमाण मेंदूवर बसवून पाहतो. जगभर वापरला जाणारा साचा माँट्रियलमध्ये, १५२ तरुण माणसांच्या स्कॅनवरून बनला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून आपला नकाशा केला, तेव्हा सरासरी भारतीय मेंदू उंची, रुंदी आणि आकारमान तिन्ही बाबतींत पाश्चात्त्य साच्यापेक्षा लहान निघाला. ह्याचा बुद्धीशी काही संबंध नाही, जसा चपलेच्या मापाचा चालण्याशी नसतो. पण दुसऱ्याच्या मापाने मोजलं तर धडधाकट माणूसही आक्रसलेला दिसेल, किंवा उलट.

मोजमापाचा हाच प्रश्न तोंडी चाचण्यांचाही. स्मरणशक्तीची प्रचलित परीक्षा माणसाला तारीख विचारते, वाक्य वाचून तसं करायला सांगते, एक वाक्य लिहायला लावते. कधी शाळेत न गेलेल्या आजीने काय करायचं? हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात ही परीक्षा हिंदीत नव्याने बेतली गेली. एक प्रश्न असा: आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? वाक्य वाचण्याऐवजी: माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करते तसं करा, आणि विचारणारी डोळे मिटते. वाक्य लिहिण्याऐवजी: तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. मला हे बदल फार सुंदर वाटतात. कुणीतरी समोरच्या माणसाकडे नीट पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

आता हे पाहणं मोठ्या प्रमाणावर चालू आहे. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातला श्रीनिवासपूर तालुका आंब्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या खेड्यांतल्या ४५ वर्षांवरच्या दहा हजार माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचा, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने २०१८ साली ठरवलं. रक्त, जनुकं, ऐकणं, चालणं, आठवणं आणि मेंदूचा एमआरआय. शेतावर राबणाऱ्या, पाचवीपर्यंत शिकलेल्या किंवा न शिकलेल्या माणसांचे मेंदू ठीक असताना कसे दिसतात, ही नोंद जगात फारशी कुठे नव्हती. भारतात साठीवरच्या ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. आजार जिथे जास्त आहे तिथे फोटो सर्वांत कमी निघाले आहेत.

आपल्या मातीतून एक फार दिलासा देणारी गोष्टही निघाली आहे. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. अक्षरओळख नसलेल्यांतही. म्हणजे हा शिक्षणाचा परिणाम नव्हे. बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू असं रोज भाषा बदलण्याचा असावा. टोरंटोच्या एका अभ्यासात तर सारखीच लक्षणं असलेल्या रुग्णांत दुभाषिकांच्या मेंदूची झीज जास्त दिसली होती. एवढी झीज सोसूनही ते तितकेच टिकून होते. सगळे अभ्यास ह्याला दुजोरा देत नाहीत, हेही खरं. तरी सोलापूर, बेळगाव, नांदेडच्या घरांत म्हाताऱ्या माणसांची ‘दुसरी’ भाषा हसण्यावारी नेली जाते, तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

काकांच्या बाबतीत मीही एक आशा धरली होती. लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असतो, हे एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं होतं. मग आयुष्यभर रस्त्यावर असलेल्या कंडक्टरचं काय? पुढचा निबंध शोधून वाचला. २००६ साली त्यांनीच टॅक्सीवाल्यांची तुलना लंडनच्या बसचालकांशी केली होती. ठरलेल्या मार्गावर जाणाऱ्यांत तो मोठेपणा आढळला नाही.

औषधांबद्दल घरात रोज विचारणा होते. लेकॅनेमॅब हे अमायलॉइड धुऊन काढणारं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. १,७९५ जणांच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही. मेंदूत सूज आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका आहे, म्हणून वारंवार एमआरआय लागतो, आणि ते अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठीच आहे. काका त्या टप्प्याच्या पुढे गेलेत, असं बाईंनी हळू आवाजात सांगितलं. काकूने ते ऐकलं आणि विचारलं, ‘‘चार वर्षांमागं आणलं असतं तर?’’ बाईंनी खोटं उत्तर दिलं नाही. तेव्हा हे औषध कुठेच मिळत नव्हतं, म्हणाल्या. पण रक्तदाब चार वर्षं आधी आटोक्यात आला असता. मग रक्तदाबाची गोळी, कानाचं यंत्र, रोज चालणं, माणसांत बसवणं असं एका कागदावर लिहून दिलं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्यासारखी चौदा कारणं सांगितली आहेत. त्यांतली चार काकांच्या कागदावर होती. काकूने तो कागद घडी घालून पर्समध्ये, एसटीच्या जुन्या पासाशेजारी ठेवला.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही साताऱ्याला निघालो. काकांना खिडकी दिली. स्वारगेट सुटलं तसे ते पुटपुटायला लागले. कात्रज. खेड शिवापूर. चेलाडी फाटा. कापूरहोळ. सारोळा. कंडक्टर पोरगा मशीनमधून तिकिटं काढत आला, तेव्हा काकांनी त्याच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. शिरवळला गाडी थांबली. मी काकांना म्हटलं, ‘‘सकाळी त्या मशीनमध्ये किती वेळ झोपला होता, नाही?’’

‘‘कुठल्या?’’

‘‘ते नाही का, मोठा आवाज येत होता. खंबाटकी चढल्यासारखा.’’

‘‘खंबाटकी अजून लांब हाय,’’ काका म्हणाले. ‘‘आधी खंडाळा.’’

काकूने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. खंडाळा गेलं. घाट लागला, गाडी पहिल्या गिअरला आली, खिडकीची काच थरथरू लागली. काका गप्प झाले. वळणं संपून गाडी उताराला लागली तरी गप्पच. मग माझ्याकडे वळून, गाडीतल्या एखाद्या अनोळखी उतारूला विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘ताई, आता कुठलं?’’

‘‘वेळे,’’ मी म्हटलं.

‘‘वेळे,’’ ते म्हणाले. ‘‘मग सुरूर. भुईंज. पाचवड.’’